विचारल्याशिवाय मोजायचं नाही

३ मार्च, सोमवार

नाही म्हटलं. सगळ्यांसमोर, तोंडावर! 

मीटिंगमध्ये आलेखराव उभे राहिले. आमचे प्रॉडक्टचे साहेब — दर दोन वाक्यांमागे पडद्यावर एक आलेख दाखवतात, म्हणून मनातल्या मनात ठेवलेलं नाव. म्हणाले, चाळणीत आता वापराची नोंद घालायची. कोण कुठली आज्ञा देतं, किती वेळा, केव्हा — सगळं आपल्या सर्व्हरवर यायला हवं. विचारायचं नाही, आपोआप चालू.

चाळणी माझी. कागदोपत्री कंपनीची, पण आठ वर्षांपूर्वी मी एकटीनं लिहायला घेतलेली. प्रोग्रामर कोड लिहितो, चाळणीतून काढतो, खडे वर राहतात — चुका दिसतात. एवढंच तिचं काम. एकेकट्याला फुकट आहे. कुठकुठल्या खोल्यांतून किती माणसं दिवसातून पन्नासदा ती चालवतात. त्यांच्या मशीनवर! म्हणजे ती त्यांच्या घरातली वस्तू झाली. घरातल्या वस्तूनं बाहेर जाऊन चहाड्या करायच्या?

"फक्त मोजायचंय हो," आलेखराव म्हणाले.

मी म्हटलं, मोजा की. आधी विचारा. पहिल्यांदा चालवताना एक ओळ दाखवा — मोजू का? हो किंवा नाही.

"विचारलं तर शंभरातले तीनच हो म्हणतात. हा बघा आलेख."

"मग उत्तर मिळालं ना, सर! सत्त्याण्णव जण नाही म्हणाले. आता आणखी काय मोजायचंय?"

दोघं हसले. साहेब नाही हसले. "बघू," म्हणाले आणि पुढच्या आलेखावर गेले.

इथे खोटं कशाला लिहू — मलाही जाणून घ्यायला आवडेल. गेल्या वर्षी एक चूक शोधायला चार महिने घालवले मी. लोक नुसतं "चालत नाही" असं लिहायचे. काय चालत नाही, कुठे, काही नाही. आंधळेपणानं चाचपडत होते. तरीही. माझी सोय ही त्यांची परवानगी नव्हे.


४ मार्च, मंगळवार

गुणगुण्या आज गुणगुणत नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर पाच वर्षं बसतो, कोड लिहिताना सतत काहीतरी सूर लावलेला असतो. आज चिडीचूप. आलेखरावांनी दोनदा आत बोलावलं त्याला.


६ मार्च, गुरुवार

उद्यापासून सुट्टी. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू पिकवून पिकवून ठेवला होता, "दिसतंय गं मला, उगीच काय" म्हणत. परवा साखरेऐवजी मीठ घातलं चहात आणि स्वतःच प्यायल्या, कबूल न करता!

कामाचं सगळं गुणगुण्याकडे सोपवलं. "जा ताई, निर्धास्त जा," म्हणाला. माझ्याकडे न बघता.


१८ मार्च, मंगळवार

केलं! माझ्या पाठीमागे केलं!

ऑफिसात आले, मशीन उघडलं, चाळणी चालवली. नव्या आवृत्तीबरोबर जी टिप्पणी असते ती वाचली — "किरकोळ सुधारणा". अकरा तारखेला बाहेर पडलेली आवृत्ती. मला संशय यायचं कारण नव्हतं, पण आला. मशीनमधून बाहेर काय जातंय ते बघणारा प्रोग्राम लावला आणि परत चालवली. गेलं! दिलेली आज्ञा, वेळ, मशीनची खूण, फोल्डरची खूण. आणि एक आकडा — आधीच्या आज्ञेपासून किती मिनिटं मध्ये गेली.

गुणगुण्याला गाठलं पाणी प्यायच्या मशीनपाशी.

"तू केलंस?"

"मला सांगितलं, मी केलं, ताई."

"मला एक फोन करता आला नाही?"

"तुम्ही हॉस्पिटलात होतात." मग खाली बघून, "फोन करू नकोस असंही सांगितलं होतं."

मग म्हणे बंद करायची सोय ठेवली आहे. कुठे? सेटिंगमध्ये. सेटिंगमध्ये कुठे? तिसऱ्या पानावर, "प्रगत" खाली. मी म्हटलं, चोरानं दाराला कडी लावून जावं तशी सोय आहे ही. त्याचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.


१९ मार्च, बुधवार

आलेखरावांकडे अर्धा तास. लिहून ठेवते, नंतर आठवणीत सौम्य होऊन जाईल.

"निनावी आहे सगळं."

— मशीनची खूण जाते, सर. खुणेवरून मशीन कळतं, मशीनवरून माणूस.

"नाव तर जात नाही ना?"

— पावलांचे ठसे घ्यायचे आणि म्हणायचं, चेहरा कुठे पाहिला आम्ही!

"कायदा विभागानं तपासलंय. सगळेच करतात हो. तुम्ही जरा भावनेनं घेताय."

भावनेनं! बाईनं हरकत घेतली की ती भावना. त्यांनी घेतली असती तर धोरण झालं असतं.

लेखी हरकत नोंदवली. चार परिच्छेद. पोच आली — "नोंद घेतली आहे". नोंदी घेण्यात पटाईत आहेत!


२ एप्रिल, बुधवार

आज काय झालं ते लिहायची लाज वाटते, म्हणून लिहितेच.

नव्या नोंदी चाळत होते. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की चाळणी अडते, हे दोन दिवसांत सापडलं. दोन दिवसांत! मी चक्क टाळी वाजवली. आलेखराव मागे उभे होते. "बघा!" एवढंच म्हणाले आणि गेले. दुरुस्ती केली, सोडली, शेकडो लोकांचा त्रास वाचला. जेवताना मला भूक लागली होती, गेले पंधरा दिवस नव्हती.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. त्या काळी दोघांची लाईन हातानं जोडून द्यायची, कानाला सतत यंत्र. म्हटलं, आई, तुम्हाला तर सगळ्या गावाचं ऐकू येत असेल.

"येतच होतं. पण ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. लाईन लागली की नाही एवढं बघायचं आणि बाहेर पडायचं. नियमच होता."

"आणि कधी राहिलात तर?"

 मग म्हणाल्या, एकदा राहिले. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांची नोकरी गेली, ते मी लाईनवर ऐकलं. त्यांनी बायकोला सांगायच्या आधी. ती बिचारी रोज जिन्यात भेटायची, हसायची, नवीन पडदे शिवायला टाकलेत म्हणायची. "मी काही वाईट केलं नाही गं. कुणाला सांगितलंही नाही. पण वर्षभर तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मला कळलेलं तिनं मला दिलेलं नव्हतं."

टाळी वाजवली होती मी!


३ एप्रिल, गुरुवार

तरी चूक सापडली हे खरं आहे. दोन्ही खरं. डोकं दुखतंय.


२१ एप्रिल, सोमवार

पत्र आलं. चाळणीच्या पहिल्या पानावर अजून माझं नाव आणि खासगी ई-मेल आहे, तिथून. अनोळखी बाई, दुसऱ्या एका कंपनीत प्रोग्रामर. पूर्ण इथे उतरवत नाही, पण हे उतरवते —

"मी घरून काम करते. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. रोज दोन ते साडेतीन मी त्यांना भरवते, कूस बदलते, कपडे बदलते. तो वेळ मी संध्याकाळी भरून काढते, माझं एकही काम कधी मागे राहिलं नाही. गेल्या आठवड्यात साहेबांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. त्यात रोज दोन ते साडेतीन रिकामी पट्टी होती. वर तुमच्या चाळणीचं चिन्ह. ते म्हणाले, आकडे बोलतात. मला काढलंय. मी सहा वर्षं तुमची चाळणी वापरते. माझी सगळ्यात आवडती वस्तू होती ती. मला फक्त विचारायचंय — तुम्हाला माहीत होतं का?"

तुम्हाला माहीत होतं का.

दुपारभर काम केलं नाही. माझीही आज रिकामी पट्टी निघाली असेल कुठेतरी.


२२ एप्रिल, मंगळवार

सगळं कळलं. मोठ्या कंपन्या आमची टीम आवृत्ती विकत घेतात, तिच्याबरोबर आता "टीम अहवाल" मिळतो. गुणगुण्यानं नमुना दाखवला, दार लावून. एकेका मशीनची एकेक आडवी ओळ. कुठलं मशीन कुणाला दिलंय हे त्या कंपनीच्या यादीत असतंच, ती यादी जोडली की ओळीपुढे नाव उमटतं. निनावी! शेवटच्या रकान्याचं नाव आहे "खंड". काम किती वेळ थांबलं.

थांबलं कशावरून? ती बाई विचार करत असेल. कागदावर आकृती काढत असेल. बापाच्या तोंडात घास घालत असेल. माझे उत्तमातले उत्तम दिवस चाळणी न चालवता गेलेले आहेत, नुसतं खिडकीबाहेर बघत.

गुणगुण्याला विचारलं, हा खंडाचा रकाना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला?

"मी फक्त पाठवायचा कोड लिहिला, ताई. मोजणारी ओळ आधीपासून होती."


२४ एप्रिल, गुरुवार

होती.

जुना इतिहास काढून बघितला. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, केव्हा लिहिली, सगळं राहतं त्यात. सहा वर्षांपूर्वीची तारीख. लिहिणारी — मी.

आठवलं. तेव्हा चाळणी मध्येच रेंगाळायची, कारण सापडत नव्हतं. दोन आज्ञांमधला वेळ मोजून मशीनवरच एका फायलीत ठेवायची ओळ घातली मी. कुठे पाठवत नव्हते. पुढच्या आठवड्यात काढून टाकणार होते. काढली नाही. विसरले. सहा वर्षं ती फाईल प्रत्येकाच्या मशीनवर भरत राहिली, आणि आता कुणीतरी येऊन फक्त नळी जोडली.

तीन दिवस मी आलेखरावांवर आग पाखडत होते. आजही पाखडते. पण हौद माझा आहे.


२५ एप्रिल, शुक्रवार

तिला लिहिलं. सगळं. माहीत नव्हतं हे खरं, पण माहीत असायला हवं होतं. ती ओळ माझी आहे हेही लिहिलं. तीनदा खोडून मग पाठवलं.

तासाभरात उत्तर. एकच वाक्य.

"तुम्ही लिहिलीत, मग तुम्हीच काढा."


२७ एप्रिल, रविवार

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आज सुट्टी, म्हणून आमच्याच घरातल्या कपाटाचं बिजागर काढून बसला होता. त्याला म्हटलं, मी एक आवृत्ती सोडणार आहे. नोंद पाठवणं बंद. आणि एक नवी आज्ञा — "दाखव". ती दिली की आजवर तुमच्या मशीनवरून आमच्याकडे काय काय गेलं, ते सगळं तुमच्या पडद्यावर.

"साहेबांना विचारून?"

"त्यांनी मला विचारून केलं का?"

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

दातांत धरलेला स्क्रू काढून त्यानं बिजागरात बसवला. मग म्हणाला, "मला एक कळत नाही. गुपचूप काढून टाक ना ती ओळ. चूक सापडली म्हण, दुरुस्त केली म्हण. कुणाला कळणार आहे?"

"तेच तर! कुणाला न कळता घातली. आता कुणाला न कळता काढायची?"

"बरं बाई," म्हणाला. "पण सोमवारी सोडू नकोस. सोमवारी सगळे आधीच चिडलेले असतात."

हसू आलं मला. कितीतरी दिवसांनी दोघं हसलो. त्याला भीती वाटते आहे, मला दिसतं. मलाही वाटते. कपाटाचं दार मात्र आता नीट लागतं.


२९ एप्रिल, मंगळवार

कोड झाला. ती ओळ काढली — सहा वर्षांची, एक ओळ, एक कळ दाबली आणि गेली. टिप्पणी लिहायला मात्र दिवस गेला. "किरकोळ सुधारणा" नाही लिहिलं. लिहिलं —

"अकरा मार्चपासून ही चाळणी तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दलची माहिती आमच्याकडे पाठवत होती. ती पाठवणं या आवृत्तीत बंद केलं आहे. काय गेलं ते 'दाखव' म्हणून बघा. यातली एक मोजणारी ओळ मी लिहिलेली होती. यापुढे काही मोजायचं असलं तर विचारून." खाली माझं नाव.


३० एप्रिल, बुधवार

सोडली. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या टेबलावर बसून, दार उघडं ठेवून.

नवी आवृत्ती सोडायला दोघांची मान्यता लागते. मी आणि गुणगुण्या. मी त्याला काही सांगितलं नव्हतं — सांगितलं असतं तर त्याच्या गळ्यात अडकवल्यासारखं झालं असतं. दोन लहान मुलं आहेत त्याला. नुसतं पाठवलं. त्याच्या पडद्यावर उघडलेलं मला इथून दिसत होतं. टिप्पणी वाचली. परत वर गेला, परत वाचली. मग कोड, ओळ न ओळ. वीस मिनिटं.

मी मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, नाही म्हणालास तरी राग नाही.

मग ऐकू आलं. गुणगुणत होता! हळू, नाकातल्या नाकात, नेहमीसारखंच बेसूर. मान्यता आली.

तीन तासांनी वरून आवृत्ती मागे घेतली. तीन तास पुरले. "दाखव" हजारोंनी चालवलं. लोक आपापल्या पडद्यांचे फोटो लावू लागले — दीड महिन्याच्या ओळीच्या ओळी.


२ मे, शुक्रवार

वर बोलावलं. आलेखराव, एचआरवाल्या बाई, आणि कायद्याचे एक गृहस्थ — ते सतत पेनाचं टोपण काढत होते, घालत होते.

असं का केलंत विचारलं, तर मी सांगितलं — पत्र आलंय, तुमच्या अहवालावरून एका बाईला काढलंय. एचआरच्या बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही जुन्या आहात, तुमच्याबद्दल आदर आहे. फक्त एवढं सांगा की ही तक्रार कुणी केली. पत्र कुणाचं आलं? कुठली कंपनी, कोण बाई? नाव दिलंत तर प्रकरण "गैरसमज" म्हणून मिटवता येईल. तुमची खुर्ची तुमचीच.

म्हणजे आता मीच चाळणी व्हायचं!

"नाव मिळणार नाही."

"तुम्ही विचार करा. बाहेर थांबा हवं तर, दहा मिनिटं."

"दहा मिनिटांचा खंड पडेल, मॅडम. आत्ताच सांगते. मिळणार नाही."

कायद्याचे गृहस्थ म्हणाले, "व्यक्तिगत अहवाल आमच्याकडे तयारच होत नाहीत. मग असं पत्र येईलच कसं?" आलेखराव टेबलाकडे बघत होते. त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, सर, तुम्ही सांगा ना यांना. एकदा तरी आलेखाशिवाय बोला.

त्यांनी समोरची फाईल मिटली.

गुणगुण्यालाही बोलावलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं, तो नुसता नेहमीचं काम समजून मान्यता देऊन बसला म्हणून. आत जाऊन हा माणूस म्हणाला, "ताईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी दोनदा वाचून मान्यता दिली." बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला.  मी शेजारी बसले.  त्याला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. माझी गेली. मशीन जमा केलं, दाराचं कार्ड जमा केलं. आठ वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. एक कप, एक शाल, चपला.


५ मे, सोमवार

कंपनीचं जाहीर निवेदन. "एका कर्मचाऱ्यानं वैयक्तिक नाराजीतून चुकीची माहिती पसरवली. काही तांत्रिक माहिती जमा होते, ती संपूर्ण निनावी असते. कोणत्याही व्यक्तीचा अहवाल बनत नाही, बनलेला नाही, कुणाला दिलेला नाही."

सासूबाईंनी नव्या डोळ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "तीनदा नाही म्हटलंय. एकदा म्हटलं असतं तर विश्वास बसला असता."

मी माझं स्वतःचं एक पान उघडलं. घडलं ते क्रमानं मांडलं. माझ्या ओळीसकट. तिचं नाव नाही, कंपनी नाही, गाव नाही. वडिलांचाही उल्लेख नाही, त्यावरून ओळखू येईल. फक्त एवढंच — व्यक्तीचा अहवाल बनतो, आणि त्यावरून एका व्यक्तीला काढलं आहे.


७ मे, बुधवार

खाली लोक लिहितात. पुष्कळ बरं. पण सारखं एकच — "पुरावा?" "अहवाल दाखवा." "नोकरी गेली म्हणून आता ओरड." एकानं लिहिलं, स्वतःच ओळ लिहिली म्हणते आणि वर साळसूदपणा.

अहवाल माझ्याकडे नाही. नमुना होता तो ऑफिसच्या मशीनवर राहिला. तिलाही साहेबांच्या पडद्यावर दोन मिनिटं दिसला, तेवढाच.


८ मे, गुरुवार

तिला फोन केला, पहिल्यांदाच. बारीक, दमलेला आवाज. मागे कुणीतरी खोकत होतं. म्हटलं, तुम्ही पुढे आलात तर —

"मला काम शोधायचंय हो. माझं नाव असल्या भानगडीत आलं तर कोण घेणार मला? कृपा करा, नाव नको."

फोन ठेवल्यावर मिनिटभर राग आला. हिच्यासाठी सगळं केलं आणि ही! पूर्ण एक मिनिट. मग कळलं, तिच्यासाठी केलं असं म्हणायचा मला काय अधिकार? ओळ माझी होती. आणि तिला न विचारता तिच्याबद्दल काही बाहेर जाऊ नये, हेच तर सांगत फिरतेय मी. आता तिनं "नको" म्हटलं, तर तो नकोसुद्धा मोजायचा नाही?

परत फोन केला. म्हटलं, नाव येणार नाही. कधीच. ती रडली. मग विचारलं तिनं, तुम्ही जेवलात का?


१० मे, शनिवार

वकिलाची नोटीस. सात दिवसांत पान काढा, माफी मागा, नाहीतर दावा.

नवऱ्यानं वाचली, घडी घातली, पाकिटात परत ठेवली. "काय करणार?"

"काढणार नाही."

"दावा लावतील."

"लावू देत. कोर्टात विचारतील तरी. 'हो की नाही' असं विचारण्याची तिथे पद्धत आहे!"

 संध्याकाळी त्यानं माझा जुना लॅपटॉप साफ करून, तुटलेली कळ बसवून टेबलावर ठेवला. त्याचं हे असं बोलणं.


१३ मे, मंगळवार

गुणगुण्याचा फोन. आवृत्त्या आता एकट्या आलेखरावांच्या मान्यतेनं सुटतात. "ताई, तुमचं नाव पहिल्या पानावरून काढलं," म्हणाला. म्हटलं, बरं झालं. आता कुणाला वाटणार नाही की मला विचारून चाललंय.

फोन ठेवला आणि मग खूप वेळ आंघोळीला म्हणून नळ सोडून बसले.


१५ मे, गुरुवार

दोन दिवस उरले. वकिलाला उत्तर लिहिलं, स्वतःच. तीन ओळी. पान राहील. माफी मागायची ती मी ज्यांची मागायची त्यांची मागितली आहे. दावा खुशाल लावावा.

पुरावा नाही. हरेन बहुतेक. हरले तरी लिहिलेलं खोटं ठरत नाही, एवढं मनाशी पक्कं आहे. दुपारी शांत झोप लागली.


१६ मे, शुक्रवार

सकाळी सात. पानाखाली नवा मजकूर. तिचा नाही.

तिच्या साहेबाचा.

"ज्या बाईंना काढलं, त्यांना काढणारा मी. असा अहवाल बनतो. मी दर सोमवारी तो वाचत होतो. त्यांच्या घरी कोण आजारी आहे हे मला ठाऊक होतं. तक्ता समोर होता, म्हणून त्यांना विचारायची वेळ माझ्यावर आली नाही — मला तेच हवं होतं. काल त्यांना पत्र लिहून विचारलं, हे जाहीर करू का. त्यांनी हो म्हटलं, त्यांचं नाव झाकून. म्हणून आज लिहितो आहे."

खाली अहवाल जोडलाय. तिच्या ओळीचा सगळा, सहा पानं, आमच्या कंपनीच्या शिक्क्यासकट. एक नाव काळं केलेलं.

आणि एक उघडं. त्याचं स्वतःचं, पूर्ण, हुद्द्यासकट.